जेल नेल्स, घरच्या घरी!

ऑफिस सुटल्यावर खांदेश्वर स्टेशनला उतरून खांदा कॉलनीत पोचेस्तोवर पार्लरला जायचा उत्साह कुणाला उरतो? शिवाय दर दोन आठवड्यांनी ते बिल! म्हणून मी लॅम्प, बेस कोट, दोन शेड्स आणि टॉप कोट घरीच आणून ठेवलेत. रविवारी दुपारी तासाभरात नखं चकाचक. मग कीबोर्ड बडवा, नाहीतर भांडी घासा.

फक्त एक गोष्ट सांभाळा, मैत्रिणींनो. जेल साध्या नेलपॉलिशसारखं हवेवर वाळत नाही, लॅम्पच्या प्रकाशात घट्ट होतं. कच्चं जेल कातडीला लागत राहिलं, तर त्यातल्या मेथाक्रिलेटची अ‍ॅलर्जी होऊ शकते. आणि ती सहसा आयुष्यभर पाठ सोडत नाही. ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्येच तसा इशारा दिला होता. दाताच्या पांढऱ्या फिलिंगमध्येही याच जातीची रसायनं असतात, म्हणजे पुढे डेंटिस्टकडेही पंचाईत!

तेव्हा थर पातळ लावा, कडेला केसभर जागा सोडा, ओघळलं तर लॅम्पआधी पुसा. लॅम्पही जेलच्या कंपनीने सांगितलाय तोच घ्या. तिथे पैसे वाचवू नका. काढताना खरवडायचं नाही. अ‍ॅसिटोनचा बोळा, वर फॉइल, पंधरा मिनिटं. तेवढ्यात फोन वाजला, तर स्पीकरवर घ्या.