माघार घेणारे संगणक

ऑक्टोबर १९८६मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतून शेजारच्या बर्कली विद्यापीठात माहिती जाणे जवळजवळ थांबले. अंतर जेमतेम ४०० यार्ड. सेकंदाला ३२ हजार बिटांचा प्रवाह ४० बिटांवर आला होता. गंमत अशी, की बिघडलेले काहीच नव्हते. पाठवलेल्या माहितीच्या तुकड्याची पोच वेळेत आली नाही तर तो पुन्हा पाठवायचा, हा नियम सगळे संगणक इमानेइतबारे पाळत होते. पोच अडली होती गर्दीमुळे, आणि पुन्हा पाठवलेले तुकडे त्याच गर्दीत भर घालत होते. व्हॅन जेकबसन यांनी १९८८मध्ये मांडलेला तोडगा असा : तुकडा हरवला की वाटेत गर्दी आहे असे समजून वेग झपाट्याने उतरवायचा, पोच नीट येऊ लागली की बेताबेताने चढवायचा. इंटरनेट बंद न करता, कुणाला न विचारता, प्रत्येक संगणक हे आपल्यापुरते ठरवतो.

चालू यंत्रणेने परिस्थितीप्रमाणे बदलावे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चपळाई येते. माझ्या मते खरा गुण संयमाचा आहे. हजारो संगणकांच्या जाळ्यात प्रत्येकाला स्वतःपुरतेच दिसते, तेही उशिरा. आणि एकाच बातमीवर सगळे एकदम धावले की मदतीचीच चेंगराचेंगरी होते. २१ एप्रिल २०११ रोजी अ‍ॅमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात हेच घडले. नेटवर्कमधल्या एका चुकीच्या बदलामुळे साठवणुकीच्या सर्व्हरांचा आपल्या माहितीच्या दुसऱ्या प्रतींशी संपर्क तुटला. तो परत जुळताच सगळे एकाच वेळी नवी प्रत करायला जागा शोधू लागले. मोकळी जागा संपली, तरी शोध थांबेना. पुढच्या सुधारणांपैकी एक होती, जागा मिळाली नाही तर आणखी मागे सरण्याची.

मग सगळे एका मध्यवर्ती नियंत्रकाकडे का सोपवू नये? लहान आवाक्यात ते चालतेही. पण त्याच्याकडे पोचणारी खबरही शिळीच असते, आणि संपर्क तुटतो तेव्हा नेमका तोच अनेकांना सापडत नाही. माणसांवर सोडावे, तर निर्णय सेकंदाच्या अंशात घ्यायचे असतात. माणसाने मर्यादा आधी आखाव्यात आणि थांबवण्याची कळ हाताशी ठेवावी, हे बरे. याहून वजनदार आक्षेप संयमाच्या किमतीचा आहे. वायरलेस जाळ्यात तुकडा नुसत्या रेडिओच्या गोंगाटानेही हरवतो. तिथे जेकबसन यांचा नियम उगाच दबकून चालतो आणि मोकळी वाट वाया जाते. हे खरेच आहे. म्हणून २०१६मध्ये गूगलच्या ज्या चमूने बीबीआर ही नवी पद्धत मांडली, त्यात खुद्द जेकबसन होते. हरवलेल्या तुकड्यांवरून अंदाज बांधण्याऐवजी ती वाटेची क्षमता आणि लागणारा वेळ मोजते. मात्र तिची पहिली आवृत्ती काही ठिकाणी जुन्या नियमाने चालणाऱ्यांची जागाच बळकावू लागली, आणि पुढच्या आवृत्तीत तिला हरवलेल्या तुकड्यांचीही दखल घ्यायला लावावे लागले.