पंख दुमडून उतरणारं यान

१९९६ साली पीटर डायमँडिस यांनी एक कोटी डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. सरकारी पैसा न घेता तीन माणसांचं यान बांधायचं, ते १०० किलोमीटरच्या वर न्यायचं, सुखरूप उतरवायचं आणि दोन आठवड्यांच्या आत तेच यान पुन्हा वर न्यायचं. यातली खरी परीक्षा उतरण्याची होती.

कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात विमानं घडवणारे बर्ट रुटान यांनी हे ओळखलं. पॉल ॲलन यांनी पैसा पुरवला आणि रुटान यांच्या ‘स्केल्ड कॉम्पोझिट्स’मध्ये ‘स्पेसशिपवन’ आकाराला आलं. ‘व्हाइट नाइट’ हे विमान त्याला पोटाखाली बांधून सुमारे १४ किलोमीटर उंचीवर सोडून द्यायचं. मग रॉकेट पेटायचं. त्याचं इंधन होतं घट्ट रबर, आणि ते जाळायला नायट्रस ऑक्साइड, म्हणजे भूल देताना वापरतात तोच वायू.

वातावरणात परत शिरताना यानाचा रोख चुकला, तर ते गिरक्या घेत फुटू शकतं. १९६७ मध्ये ‘एक्स-१५’ या रॉकेट-विमानाचे वैमानिक मायकेल ॲडम्स याच प्रकारे प्राणाला मुकले होते. रुटान यांनी वैमानिकाच्या कौशल्यावर भिस्त न ठेवता यानाचा आकारच बदलायचं ठरवलं. शिखरावर पोचलं की पंखांचा मागचा भाग शेपटांसकट सुमारे ६५ अंशांत वर वळतो. मग यान बॅडमिंटनच्या फुलासारखं वागतं. कसंही टाकलं, तरी आपोआप सरळ होऊन खाली येतं. आडव्या अंगामुळे हवेचा अडथळा वाढतो, विरळ हवेतच वेग मोडतो आणि जड उष्णतारोधक कवच लागत नाही. दाट हवेत आल्यावर पंख पूर्ववत करायचे आणि ग्लायडरप्रमाणे धावपट्टीवर टेकायचं.

२१ जून २००४ रोजी माइक मेल्व्हिल यांनी १०० किलोमीटरची सीमा जेमतेम ओलांडली. २९ सप्टेंबरच्या उड्डाणात वर चढतानाच यान स्वतःभोवती गरगर फिरू लागलं. तरीही मेल्व्हिल यांनी ते सावरलं आणि सुखरूप उतरवलं. ४ ऑक्टोबरला ब्रायन बिनी ११२ किलोमीटरवर पोचले आणि बक्षीस मोहावीला मिळालं.

हीच रचना ‘व्हर्जिन गॅलॅक्टिक’ या कंपनीने प्रवाशांसाठी मोठी केली. ३१ ऑक्टोबर २०१४ रोजी चाचणी उड्डाणात सहवैमानिक मायकेल ॲल्सबरी यांनी पंखांचं कुलूप ठरल्यापेक्षा लवकर, वेग पुरेसा वाढण्याआधीच उघडलं. हवेच्या जोराने शेपटं वर उचलली गेली, यान फुटलं आणि ॲल्सबरी गेले. चौकशीत दोष एका माणसाच्या माथी मारला गेला नाही. एका चुकीने सर्वनाश होऊ शकतो, याचा विचार रचनेत केला गेला नव्हता, असं अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने ठरवलं. पुढे कुलूप अवेळी उघडू नये म्हणून अटकाव बसवण्यात आला. आंध्र प्रदेशात जन्मलेल्या शिरीषा बांदला २०२१ मध्ये याच मालिकेतल्या यानातून वर गेल्या. २०२३ मध्ये तिकीट काढलेले प्रवासीही गेले.

काही मिनिटांच्या भारहीनतेसाठी लाखो डॉलर मोजणाऱ्याला आकाश किती काळं दिसेल, याची उत्सुकता असणारच. त्याने त्याआधी विचारावं, ‘वैमानिकाचा हात चुकला, तर हे यान काय करेल?’ रुटान यांनी याचं अर्धं उत्तर दिलं. उरलेलं अर्धं ॲल्सबरी यांच्या मृत्यूनंतर लिहावं लागलं. या धंद्याची पात्रता या उत्तरावरच ठरली पाहिजे.