मासिक पाळीतील वेदना आणि ॲक्युप्रेशर : पुरावा किती?

पायाच्या आतील घोट्यापासून चार बोटे वर, नडगीच्या हाडाच्या मागच्या कडेला एक बिंदू मानला जातो. पाळीत ओटीपोटात कळा येऊ लागल्या की तेथे अंगठ्याने दाब द्यावा, असा सल्ला ॲक्युप्रेशरच्या शिबिरांतून नेहमी दिला जातो. बिनखर्चाचा, बिनगोळीचा हा उपाय अनेक घरांत रुजलाही आहे. परंतु त्याची पारख झाली आहे काय?

बर्लिनच्या शारिते विद्यापीठ रुग्णालयातील संशोधकांनी ती केली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १८ ते ३४ वयाच्या २२१ स्त्रियांची, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे, दोन गटांत विभागणी झाली. एका गटाने मोबाइल ॲपवर पाहून हातापायांवरील ठरावीक बिंदू स्वतः दाबले, तेही पाळीच्या अपेक्षित तारखेच्या पाच दिवस आधीपासून. दुसऱ्या गटाने नेहमीचेच उपाय चालू ठेवले. तिसऱ्या पाळीपर्यंत वेदना निम्म्याने वा अधिक घटल्याचे पहिल्या गटातील ३७ टक्के व दुसऱ्या गटातील २५ टक्के स्त्रियांच्या नोंदींत दिसले. सहाव्या पाळीपर्यंत हे प्रमाण अनुक्रमे ५८ व २४ टक्के झाले.

आकडे आशादायक खरे. पण हिशेब येथेच मिटत नाही. आपण उपचार घेत आहोत, हे पहिल्या गटाला ठाऊक होते, आणि ही जाणीवच वेदना काही अंशी हलकी करते. वेदनेला वजनकाटा नाही. सांगणारीचाच शब्द प्रमाण धरावा लागतो. म्हणूनच कॉक्रेन या संस्थेने २०१६ मध्ये ॲक्युपंक्चर व ॲक्युप्रेशरच्या ४२ चाचण्या, एकूण ४६४० स्त्रिया, एकत्र तपासल्या, तेव्हा निर्णय सावध दिला: बहुतेक चाचण्यांचा दर्जा कमी असल्याने उपाय गुणकारी आहे किंवा नाही, हे ठामपणे म्हणता येत नाही. सहा महिने नियमित दाब देऊन पाहण्यास हरकत नाही. 'हमखास गुण' असे सांगणाऱ्यावर मात्र विश्वास ठेवू नये. गर्भवतीने हा बिंदू दाबू नये, असा संकेत या पद्धतीचे जाणकारही पाळतात.

आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड यांसारख्या गोळ्यांचा पुरावा याहून पक्का आहे. गर्भाशयाच्या अस्तरातील प्रोस्टाग्लँडिन हे द्रव्य स्नायूंना आकुंचित करते व त्यामुळे कळा येतात. या गोळ्या त्याची निर्मितीच रोखतात. पोटात अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास त्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नयेत. गरम पाण्याच्या पिशवीचा जुना शेकही उपयोगी ठरतो.

खरी हानी होते ती अन्यत्र. 'सगळ्यांनाच दुखते' असे ऐकून मुलगी गप्प बसते, घरात बिंदू दाबण्याचे प्रयोग वर्षानुवर्षे चालतात आणि मूळ आजार झाकलेलाच राहतो. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणे, म्हणजे एन्डोमेट्रिओसिस, याचे निदान कित्येकदा अनेक वर्षे लांबते. गोळीनेही न थांबणारी कळ, दर महिन्याला बुडणारी शाळा वा काम, अतिरक्तस्राव, पाळी नसतानाही टिकणारे दुखणे, यांपैकी काहीही असल्यास स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. जाताना तीन पाळ्यांची नोंद सोबत न्यावी: तारीख, दहापैकी किती दुखले, किती गोळ्या घेतल्या, दाब दिला की नाही. दुकानाची वही जपणाऱ्या घरात ही एक वही जड नाही.