थांबलेली गाडी डोळ्यांना कधी कळते?

रात्रीची वेळ. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या कडेला बंद पडलेल्या ट्रकमागे क्रेन उभी आहे, तिच्या टपावर पिवळा दिवा फिरतो आहे. रस्ता सरळ असेल तर तो फार लांबून दिसतो. तरीही अशा उभ्या गाड्यांवर मागून वाहने आदळतात. ‘दिवा दिसला होता, पण गाडी उभी आहे हे कळलंच नाही,’ असे कुणी म्हणाले की ती सबब वाटते. पण डोळ्यांचे गणित मांडून पाहिले की त्यात केवढे तथ्य आहे ते कळते, आणि मी तर थक्कच झालो.

सरळ रेषेत जवळ येणारी वस्तू डावीकडे सरकत नाही, उजवीकडेही नाही. ती फक्त मोठी होत जाते, आणि अंतर किती झपाट्याने घटते आहे हे मेंदूला मुख्यतः त्या वाढीवरूनच ओळखावे लागते. अडीच मीटर रुंदीचा ट्रक 300 मीटरवरून साधारण अर्धा अंश भरतो, म्हणजे आकाशातल्या पौर्णिमेच्या चंद्राएवढा. ताशी 100 किलोमीटर वेगाने आपण सेकंदाला सुमारे 28 मीटर पुढे जातो. त्या एका सेकंदात ट्रकची रुंदी वाढते ती चंद्राच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याने! तो उभा असो वा आपल्यापुढे संथ चाललेला असो, इतक्या लांबून डोळ्यांना फरक पडत नाही. आणि 50 मीटरवर? तिथे एका सेकंदात तो दुपटीहून मोठा होतो, अक्षरशः अंगावर येतो.

ही वाढ जाणवायला ती सेकंदाला साधारण एक-षष्ठांश अंश तरी व्हावी लागते, असे प्रयोगांतून दिसले आहे. या ट्रकच्या बाबतीत तो क्षण येतो सुमारे 150 मीटरवर, म्हणजे धडकेच्या साडेपाच सेकंद आधी. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकांनिशी, सावध चालकालाही गाडी पूर्ण थांबवायला 100 मीटरच्या आसपास लागतात. उरले 50. पाऊस, झिजलेले टायर किंवा मोबाइलकडे गेलेली एक नजर तेवढे सहज गिळून टाकते.

माणसाच्या बाबतीत मात्र हेच डोळे चमत्कार करतात. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात गुन्नार योहान्सन यांनी माणसांच्या सांध्यांवर प्रकाशाचे ठिपके लावून अंधारात त्यांचे चित्रण केले. ते काम 1973 मध्ये प्रसिद्ध झाले. माणूस स्थिर असेल तर ठिपक्यांचा काहीच अर्थ लागत नाही. तो चालू लागला की सेकंदाच्या अंशात बघणारा म्हणतो, अरे, हा तर माणूस! म्हणूनच रस्त्यावर काम करणाऱ्यांना चमकत्या पट्ट्या फक्त जाकिटावर नकोत. गुडघ्यांवर, घोट्यांवर, मनगटांवरही हव्यात. हा खर्च किरकोळ आहे आणि तो टाळू नये, असे मला मनापासून वाटते. पण टायर बदलायला वाकून बसलेल्या माणसाचे ठिपके फारसे हलत नाहीत. त्याचे रक्षण करते ते अंतरच.

अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायनात 1994 मध्ये जेम्स गार्सिया हा पॅरामेडिक अपघाताच्या जागी मदत करताना गाडीची धडक बसून जखमी झाला, आणि दोष त्याच्याच माथी आला. त्याने पाठपुरावा केला. 1996 मध्ये त्या राज्याने कायदा केला: दिवे लावून उभ्या असलेल्या मदतवाहनाच्या शेजारची लेन मोकळी सोडा, जमत नसेल तर वेग कमी करा. 2012 मध्ये हवाईने कायदा केला आणि पन्नासही राज्ये पूर्ण झाली. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने धावत्या रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला 10,000 रुपयांचा दंड आला. उभ्या रुग्णवाहिकेभोवतीच्या माणसांचा विचारही तितक्याच ठसठशीतपणे व्हायला हवा.

लुकलुकणारा दिवा दिसताच, गाडी उभी की चालती हे कळण्याची वाट न पाहता, ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, आरसा पाहायचा, इंडिकेटर देऊन एक लेन सरकायचे. लेन मोकळी नसेल तर वेग 60 वर आणला तरी हिशेब पालटतो: ट्रक उभा असल्याचे सुमारे 118 मीटरवर कळते, थांबायला 45 मीटर पुरतात आणि हाताशी 70 मीटरहून जास्त उरतात.