फवारणीचा पेशंट आयसीयूत का पोचतो? एका प्रश्नाचे तीन अभ्यास

या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना ऐकताना नावं आणि सालं निसटली, त्यांच्यासाठी खास.

मी सॉफ्टवेअरवाला. डॉक्टर नाही, इतिहासाचा प्राध्यापक तर नाहीच नाही. पण आमच्या कामात एक शिस्त असते. सर्व्हर बंद पडला की आधी तो सुरू करायचा, मग शांतपणे बसून शोधायचं की पडला का. दुसरं काम टाळलं तर पुढच्या आठवड्यात तोच सर्व्हर पुन्हा पडतो. आज हाच प्रश्न माणसांबद्दल विचारायचाय.

२०१७ चा पावसाळा आठवतोय? यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि मजूर विषबाधा होऊन दवाखान्यात पोचले. वीसहून जास्त माणसं गेली. त्या वेळी टीव्हीवर, व्हॉट्सॲपवर एक वाक्य सारखं फिरत होतं: "त्यांनी मास्क घातला नव्हता." विषय तिथेच संपला. पण खरंच संपतो का?

याचं उत्तर विद्यापीठांच्या तीन वेगवेगळ्या विभागांत विखुरलेलं आहे: अतिदक्षता वैद्यक, गावात राहून केलेला गुणात्मक अभ्यास आणि शेतीचा इतिहास. एक-एक करून बघू.

आधी श्वास: आयसीयूतलं संशोधन

कीटकनाशकांचा एक मोठा गट म्हणजे ऑर्गनोफॉस्फेट. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस ही त्यातली नावं. ती शरीरात काय करतात?

आपली नस स्नायूला किंवा ग्रंथीला निरोप पाठवते तो असिटिलकोलीन नावाच्या रसायनातून. निरोप पोचला की एक एन्झाइम तो लगेच पुसून टाकतं. ऑर्गनोफॉस्फेट या पुसणाऱ्या एन्झाइमलाच बांधून ठेवतं. समजा, फोनवर एक नोटिफिकेशन आली आणि ती बंदच होत नाही, वाजतच राहते. तसं शरीरभर होतं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला लाळ सुटते, घामाच्या धारा लागतात, स्नायू फडफडतात, हृदयाचे ठोके मंदावतात. सगळ्यात वाईट म्हणजे फुप्फुसात पाणी साचत जातं आणि श्वास घेणारे स्नायू थकतात.

इलाज जुना आहे: ॲट्रोपीन. ते किती द्यायचं, हे मात्र खूप अभ्यासानंतर ठरलं. श्रीलंकेत अनेक वर्षं काम केलेल्या मायकल एडलस्टन यांच्या गटाने सुचवलेली पद्धत अशी: पहिला डोस द्या, पाच मिनिटांनी छाती तपासा. फरक नसेल तर डोस दुप्पट करा, आणि छाती साफ वाजेपर्यंत हे करत राहा. म्हणजे डॉक्टर कागदावरचा एकच ठरलेला आकडा पाळत नाही, स्टेथोस्कोपमधून येणारं उत्तर पाळतो.

दुसरी गोष्ट सगळ्यांनीच लक्षात ठेवण्यासारखी. १९८७ मध्ये श्रीलंकेतल्या सेनानायके आणि करालिएद्दे या डॉक्टरांनी दाखवून दिलं की पेशंट सुरुवातीच्या झटक्यातून सावरतो, आणि साधारण एक ते चार दिवसांनी अचानक त्याची मान आणि श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात. पेशंटला उशीवरून डोकं उचलता येईना, तर तो धोक्याचा इशारा. म्हणून "आता बरं वाटतंय, चला घरी" ही घाई जिवावर बेतू शकते.

तिसरी गोष्ट आपल्या बारामतीची. प्रॅलिडॉक्झिम हे औषध बांधलं गेलेलं एन्झाइम सोडवतं, असं मानतात. ते थांबून थांबून द्यायचं की सतत ड्रिपमधून? बारामतीच्या एका रुग्णालयात २०० पेशंटवर हा प्रयोग झाला आणि २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. सतत मोठा डोस मिळालेल्या गटात मृत्यू कमी होते. मग २००९ मध्ये श्रीलंकेतल्या एका चाचणीचा निकाल आला. तिथे या औषधाचा फायदा दिसला नाही.

दोन्ही अभ्यास नीट केलेले, मग उत्तरं वेगळी का? कारणांच्या यादीत डॉक्टर लिहितात: विष नेमकं कोणतं होतं, किती गेलं, पेशंट किती तासांनी आला. ही माहिती ऑपरेशन थिएटरात नसते. ती शेतात असते.

मग धुरा: माणसांशी बोलण्याचं संशोधन

आता विचार करा, सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये प्रश्न आहे: "सुरक्षा किट वापरता का? हो/नाही." मजूर सांगतो, नाही. खूण झाली, फॉर्म पुढे.

गुणात्मक अभ्यास करणारा माणूस इथून पुढे सुरुवात करतो. तो धुऱ्यावर बसतो, दिवसभर सोबत राहतो, पुन्हा पुन्हा येतो. तेव्हा कळतं की "नाही"च्या आत काय-काय आहे. माझं आजोळ वऱ्हाडातलं, म्हणून यातलं बरंच लहानपणापासून कानावर आहे. फवारणीची मजुरी बऱ्याचदा पंपावर मिळते, म्हणजे जितके पंप जास्त तितके पैसे. सप्टेंबरच्या दमट उकाड्यात रबरी कोट घालून पाठीवर पंप घेतला तर माणूस अर्ध्या तासात गळतो. आणि मिश्रण बहुतेक वेळा मालक किंवा मुकादम तयार करतो. बाटली, तिच्यावरचा लाल-पिवळा-निळा-हिरवा त्रिकोण, बारीक अक्षरातली सूचना, हे मजुराच्या हातात येतच नाही. त्याच्या हातात येतो भरलेला पंप.

शब्दाकडेही बघा. आपण म्हणतो, "पऱ्हाटीला औषध मारलं." कृषी केंद्रातून येतं तेही औषध, मेडिकलमधून येतं तेही औषध! कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतो, "कोणतं औषध होतं?" आणि सोबत आलेला माणूस सांगतो, "कपाशीचं." त्यात दोन-तीन द्रव्यं मिसळलेली असतील, एखादं ऑर्गनोफॉस्फेट नसेलच, तर इलाज आणखी अवघड. २०१७ च्या बातम्यांत डायफेन्थ्युरॉनचं नाव होतं. ते ऑर्गनोफॉस्फेट नाही आणि त्यावर नेमका उतारा नाही.

शेतकरी इतकी मिश्रणं का करतो? अमेरिकेतले मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन डेव्हिस स्टोन यांनी वारंगळच्या कापूस उत्पादकांमध्ये वर्षानुवर्षं काम केलं. २००७ च्या त्यांच्या लेखाचा मुद्दा असा: बियाण्यांचे ब्रँड इतक्या वेगाने बदलतात की शेतकऱ्याला स्वतःच्या रानात प्रयोग करून शिकायला वेळच मिळत नाही. मग तो शेजाऱ्याचं बघून घेतो. गावागावात बियाण्यांची लाट येते आणि जाते. त्यांनी याला कसब सुटणं म्हटलं. शेतकरी अडाणी आहे असं नाही. शिकण्याची जुनी वाटच बंद झालीय.

ती बंद कधी झाली? हा प्रश्न इतिहासाचा.

आणि मग दीडशे वर्षं: शेतीचा इतिहास

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. भाव कडाडले. युद्ध संपलं, भाव पडले, पण कापूस राहिला. खामगावला रेल्वे आली. ज्वारीची जमीन कापसाखाली जात राहिली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत याची किंमत दिसली. लक्ष्मण सत्या यांचं 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार' हे पुस्तक नेमकं यावर आहे: रोख पीक आलं आणि दुष्काळ सोसायची गावाची ताकद गेली.

तरी तेव्हा देशी कापसाचं बी घरचं होतं. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून एच-४ आला, व्यापारी लागवडीचा जगातला पहिला संकरित कापूस. उत्पन्न भरघोस. पण संकरित बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं, त्याला खत-पाणी जास्त लागतं, आणि लुसलुशीत झाडावर मावा, तुडतुडे, पांढरी माशी तुटून पडतात. त्यांच्यासाठी फवारे, फवाऱ्यांना किडी सरावल्या, मग आणखी जहाल फवारे.

२००२ मध्ये बीटी कापूस आला. बोंडअळीवरचे फवारे सुरुवातीला खरंच कमी झाले. पण शेंदरी बोंडअळी बीटीला पुरून उरली, आणि रस शोषणाऱ्या किडींवर बीटीचा परिणाम नव्हताच. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती आणि वर उल्लेख केलेले स्टोन यांनी २०२० मध्ये 'नेचर प्लांट्स'मध्ये हिशेब मांडला. त्यांच्या मते, शेतकरी आता बीटीच्या आधीपेक्षाही जास्त पैसे कीटकनाशकांवर घालवतोय.

२०१७ मध्ये कपाशी डोक्याच्या वर गेली होती. फवारा वर मारायचा म्हणजे तो अंगावर येणारच. आता सांगा, एवढं सगळं "मास्क घातला नव्हता" या तीन शब्दांत मावतं का?

कारण बदललं की उपाय बदलतो

दोष मजुराचा मानला तर उपाय म्हणजे मास्कवाटप. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने पाच कीटकनाशकांवर काही जिल्ह्यांत साठ दिवसांची बंदी घातली. पण दुकानात काय ठेवायचं हा प्रश्न साठ दिवसांचा नाही. श्रीलंकेने १९९५ मध्ये मोनोक्रोटोफॉससह सर्वात जहाल द्रव्यं बंद केली, १९९८ मध्ये एन्डोसल्फान. पुढच्या दहा वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर जवळपास निम्मा झाला, आणि भाताचं उत्पादन घटलं नाही. आपल्याकडे मोनोक्रोटोफॉस भाज्यांसाठी २००५ मध्ये बंद झालं. ते टप्प्याटप्प्याने बाजारातून काढायचा केंद्राचा आदेश आला २०२३ मध्ये.

गावाकडे कोणी फवारणी करत असेल तर एवढं फॉरवर्ड करा. त्रास वाटला की काम लगेच थांबवायचं, कपडे काढायचे, साबण-पाण्याने अंग धुवायचं. मदत करणाऱ्याने हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी वापरायची. उलटी करवायची नाही, घरगुती उतारे द्यायचे नाहीत. बाटली किंवा तिच्या लेबलचा फोटो घेऊन थेट दवाखाना. आणि कोणाचं मन खचलेलं दिसलं, तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.

लेबलचा तो फोटो डॉक्टरच्या कामाचा आहे, संशोधकाच्याही. आज अंग सावरायला, आणि उद्या पुन्हा कोणी तिथे का पोचू नये हे शोधायला. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या.