रोजा आणि सांध्यांचा आजार
गुडघे वाकत नाहीत म्हणून खुर्चीवर बसून तरावीह पढणारे जळकोटच्या मशिदीतही दिसतात. दोष दरवेळी वयाचाच नसतो. अंगावर सोरायसिसचे खवले आणि बोटांना सूज असेल, तर तो सोरायटिक संधिवात असू शकतो. यात शरीराच्या रक्षक टी-पेशी स्वतःच्याच सांध्यांवर उलटतात. त्यांच्या रसायनांनी सूज वाढते, हाड झिजते. ही झीज सहसा भरून येत नाही. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 37 रुग्णांच्या अभ्यासात रमजानच्या रोजांनंतर आजाराचा जोर थोडा उतरलेला दिसला. पण म्हणून औषध सोडू नये. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. डॉक्टरांना विचारून ते इफ्तारनंतर घेता येते. रोजा झेपत नसेल, तर आजाऱ्याने ते दिवस नंतर भरून काढावेत, अशी मुभा कुरआननेच दिली आहे.