क्लिपिंग मास्क

क्लिपिंग मास्क ही प्रतिमा संपादनातील एक पद्धत आहे. तीत वरच्या थरावरील छायाचित्र खालच्या थरावरील आकाराच्या मर्यादेतच दिसते. डिजिटल स्क्रॅपबुकिंगमध्ये, म्हणजे संगणकावर आठवणींची सजवलेली पाने तयार करण्याच्या छंदात, छायाचित्राला वर्तुळाचा, पानाचा किंवा अक्षराचा आकार देण्यासाठी ती वापरली जाते.

थर

थर हे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे असतात. वरच्या थराच्या रिकाम्या भागातून खालचा थर दिसतो. अ‍ॅडोबी फोटोशॉपमध्ये ही सोय १९९४ साली ३.० या आवृत्तीत आली.

कार्यपद्धती

आकाराच्या थराच्या लगेच वर छायाचित्राचा थर ठेवून मास्क लागू केला जातो. आकार जेथे रंगलेला असेल तेथेच छायाचित्र उमटते. आकाराची कड धूसर असल्यास छायाचित्राची कडही विरत जाते.

क्रॉपशी तुलना

छायाचित्र क्रॉप करून जेपीईजी फाइल मूळ नावानेच साठवल्यास कापलेला भाग कायमचा नष्ट होतो. क्लिपिंग मास्कमध्ये तो केवळ झाकलेला असतो. त्यामुळे समूहचित्रात कडेला उभी असलेली व्यक्ती आकाराबाहेर गेली, तरी छायाचित्राचा थर सरकवून तिला पुन्हा आत आणता येते.

साठवण

ही सोय थर शाबूत असेपर्यंतच टिकते. पीएसडी फाइलमध्ये थर स्वतंत्र राहतात, तर जेपीईजीमध्ये ते एकत्र होतात. म्हणून थरांसह मूळ फाइल जपून छपाईसाठी वेगळी प्रत काढली जाते. १२ × १२ इंचांच्या पानासाठी, दर इंचास ३०० पिक्सेल या प्रमाणात, ती ३६०० × ३६०० पिक्सेलची असते.